नारिंगी पाप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती आणि पुढच्या तीन रांगा चक्क नारिंगी रडत होत्या. पांढरा रुमाल डोळ्याला लावला की डाग पडायचा आणि थेंबबाबा माइकमधून गरजायचे, "बघा, बघा! औषधांनी मरत नाही ते पाप माझ्या थेंबांनी बाहेर पडतंय!"

पापाला रंग असतो, ही ज्ञानात मोलाची भर शंकाबाईच्या पदरात त्याच दिवशी पडली. शंकाबाई म्हणजे नववीतली पोरगी. सारखी प्रश्न विचारते म्हणून आत्यानंच हे नाव ठेवलेलं. तीच आत्या आता पहिल्या रांगेत नारिंगी टिपं गाळत होती.

आत्या शिवणकाम करायची. तिच्या पायाच्या जखमेतले जंतू सगळी जुनी औषधं कोळून प्यायले होते. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून नवं औषध मिळवलं होतं. चौदा दिवस, शिरेतून. "मध्येच सोडलंत, तर पायाची खात्री नाही," असं बजावलंही होतं. पाच दिवस झाले आणि आत्यानं जाहीर केलं, "उद्यापासून दवाखाना बंद!"

"आत्या, बाबांच्या या बाटलीत आहे काय?"

"श्रद्धा आहे, श्रद्धा! तुला नाही कळायचं, शहाणे."

श्रद्धा लालभडक होती. शंकाबाईला एकदम शाळेचे वॉचमनकाका आठवले. आपल्या क्षयाच्या आजारपणाची गोष्ट ते रंगवून सांगत, "गोळी घेतली आणि लघवी नारिंगी! मी तर बोंबच ठोकली!"

बाटली गेली दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. तिथल्या ताईंनी दोन बशांत जंतू वाढवले: एकीत साधे, दुसरीत आत्याच्या जखमेतले. दोन्हींत एक थेंब बाबांचा टाकला, एक नव्या औषधाचा. दुसऱ्या दिवशी साध्या जंतूंत बाबांच्या थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ टक्कल पडलेलं. म्हणजे थेंबात औषध होतंच! आत्याच्या जंतूंनी मात्र त्याच थेंबावर संसार थाटला होता. टक्कल पडलं होतं ते फक्त नव्या औषधाभोवती. बशा घरी न्यायला बंदी, म्हणून शंकाबाईनं फोटो काढले आणि संध्याकाळी काकांना घेऊन सभागृह गाठलं.

"बाबा," काका उभे राहिले, "माझं पाप सहा महिने गळत होतं. क्षयाच्या गोळीनं! फुकट मिळायची. मला तर कुणी माइक नाही दिला!"

सभागृहात हशा पिकला.

"हा माझ्याविरुद्ध कट आहे!" बाबा किंचाळले.

"मग बाटलीत काय आहे ते सांगा की!" शंकाबाई ओरडली. "गोळी कुटून सरबतात घातलीत ना? ती धडधाकट माणसालाही नारिंगी रडवते. अशी एकटी, थोडी थोडी दिली, की जंतू मरत नाहीत, शिकून शहाणे होतात!"

बाबांना अचानक ध्यानाची वेळ झाल्याचं आठवलं. ते मागच्या दारानं जे गेले, ते गेलेच.

आत्या फोटोंकडे बघत बसली. तिच्या जंतूंनी भरलेला थेंब. शेजारी ते स्वच्छ टक्कल.

"एक दिवस बुडाला गं माझा," ती पुटपुटली. मग रुमाल फेकून उठली. "चल, रिक्षा बोलाव. उसवलेल्याला सुईच लागते, फुंकर नाही."

डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग त्यांनी सुई लावली. पाय वाचला, मशीन पुन्हा खडखडतंय.

तर मंडळी, डोळ्यांतून हिरवं, निळं, नारिंगी काहीही येवो, हात जोडण्याआधी एवढंच विचारा: बाटलीत काय आहे? उत्तर नाही मिळालं, तर बूच उघडूच नका.