थरथरत्या हातांचा प्रवेश

खाचेत बसवायच्या आधीच चिमट्यातून चिप सुटली आणि टेबलावर कुठेतरी दिसेनाशी झाली. तांदळाच्या कणीएवढी ती. शोधायची तरी कुठे?

"असू दे," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "हात नेहमीच असे थरथरतात तुझे?"

"लहानपणापासून. आजार नाही म्हणतात डॉक्टर, ठेवणच अशी आहे," मुलगी म्हणाली. शाळेत तिला सगळे 'भूकंप' म्हणायचे, हे तिनं सांगितलं नाही.

तिला सूक्ष्मयंत्रांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं. औषधाचा थेंब ढकलणारे इवलेसे पंप, रक्ताचा दाब मोजणारे कणभर सेन्सर. प्रवेशाच्या मुलाखतीला वडील सोबत आले होते, लिफ्ट दुरुस्तीच्या निळ्या कपड्यांतच.

बाईंनी पर्याय मांडले. एका पदवीत सगळी रचना संगणकावर करायची. दुसरीत पदार्थांचा अभ्यास जास्त, प्रयोग बेताचे. तिसरीत पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत स्वतःच यंत्रं घडवायची.

"पहिली घे. गुण उत्तम आहेत, डोळे झाकून प्रवेश देते."

"घेऊन टाक ना," वडील कुजबुजले. "मिळतंय ते कशाला घालवतेस?"

"बाबा, मी नुसतं चित्र काढायचं आणि बनवायचं दुसऱ्यानं? मला बनवायचंय." ती बाईंकडे वळली. "मॅडम, अजून एकदा करू?"

बाईंनी दुसरी चिप काढली. "शेवटची हं."

या वेळी तिनं घाई केली नाही. स्टूल खाली घेतलं, दोन्ही कोपरं टेबलावर रोवली, मनगट कडेला दाबून धरलं. सूक्ष्मदर्शकात चिमट्याची टोकं वेड्यासारखी नाचत होती. पण श्वास सोडून झाला की ती क्षणभर स्थिरावायची. तेवढाच क्षण तिचा. पहिल्यांदा तो हुकला, पुन्हा हुकला. वडिलांचा श्वास तर केव्हाचा अडकला होता. मग चिप खाचेत जाऊन बसली.

बाईंनी डोळा लावून बराच वेळ पाहिलं.

"सरळ बसलीये. पण तुला वेळ जास्त लागेल. बाकीचे घरी जातील तेव्हा तू इथेच असशील."

"चालेल."

"चिडचिड करायची नाही."

"ती मात्र थोडीफार होईल, मॅडम."

बाई हसल्या आणि त्यांनी तिसऱ्या पदवीपुढे खूण केली.

जिन्यात वडील म्हणाले, "लिफ्टमध्ये माणसं अडकली तरी एवढा घाम फुटत नाही गं मला!" आणि दोघं पोट धरून हसत सुटली.

पुढे तिनं पुष्कळ चिपा मोडल्या, चिडचिडही भरपूर केली. शेवटच्या वर्षी तिच्या स्वतःच्या सेन्सरची चाचणी होती. आई-वडील धूळमुक्त प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभे होते. आत सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. दिसत होते फक्त डोळे. पडद्यावरची रेघ सरसर वर चढली आणि आत एकच जल्लोष झाला.

"अहो, आपली कुठली यातली?" आईनं विचारलं.

"कळत नाहीये."

वडिलांनी क्षणभर विचार केला, हात उंच केला आणि सगळ्यांनाच हलवून दाखवला. आतून सगळ्यांनीच हात हलवले.