न निघालेलं भंगार

"माळ्यावर नीट बघितलंत का?" मुलीने तिसऱ्यांदा विचारलं.

बघितलं होतं. माळ्यावर एक सुटकेस होती आणि झाडून ठेवलेली फरशी, बस्स.

मी भंगारवाला. माणूस गेला की मागे राहिलेलं घर रिकामं करून देतो. बावीस वर्षांत दोन खोल्यांमधून टेम्पोभर सामान निघालं नाही असं कधी झालं नव्हतं. इथे सकाळपासून हात हलवत फिरत होतो. धंदा बुडाला म्हणून चिडायला हवं होतं, पण मी एकेक वस्तू उचलून बघत राहिलो.

या घरातला गेलेला म्हातारा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. खोलीत टेबलफॅन होता, माझ्याच वयाचा असेल. जाळी दोन ठिकाणी जोडलेली, वायर नवी, आणि बटण दाबलं की वारा. चादर मधोमध विरलेली, म्हणून ती उभी फाडून कडा आत आणि मधला भाग बाहेर घेऊन पुन्हा शिवलेली. शिवण हाताला लागत नव्हती. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला टोपण आणि प्रत्येक टोपणाला डबा होता. हे जगातल्या कुठल्याच घरात जुळत नाही, माझ्या तर नाहीच नाही. बेसिनमधलं पाणी नळीने खाली संडासाच्या फ्लशच्या टाकीत जात होतं. मी ते दोनदा सोडून बघितलं आणि उगाच आजूबाजूला पाहिलं, कुणी हसत नाही ना म्हणून.

त्याची मुलगी पलंगाच्या कडेला बसून होती. ती दूर नोकरीला, दोन-दोन वर्षांनी यायची.

"ठिगळं लावून दिवस काढले बाबांनी," ती म्हणाली. "आणि मी तिकडे मजेत."

परक्यांच्या दुःखात मी तोंड घालत नाही. आपण बरे नि आपलं काम बरं. पण राहवलं नाही.

"ताई, गरिबाच्या घरात भंगार जास्त असतं. बंद रेडिओ, फुटकी बादली, उद्या कामी येईल म्हणून सगळं जपलेलं. अडलेल्या माणसाला टाकायची भीती वाटते. इथे एकही वस्तू बंद नाही. असं घर मी आजवर बघितलं नाही."

तिला पटलं नाही. मग तिने मनातलं काढलं. तिने वडिलांना कपडे धुवायचं मशीन पाठवलं होतं. फोनवर ते म्हणायचे, छान चाललंय. आणि घरात त्याचा पत्ता नाही. पोटासाठी विकलं असणार, अशी तिची खात्री झाली होती. माळ्याचं तीनदा का विचारलं ते मला आता कळलं.

शेजारच्या काकू चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि "चल गं माझ्याबरोबर," म्हणून तिला खाली नेलं. मीही मागोमाग गेलो.

जिन्यामागच्या दाराआड मशीन होतं. लख्ख पुसलेलं. भिंतीवर म्हाताऱ्याच्या अक्षरातला कागद होता: सहा घरं, सहा वार, रविवारी मशीनला सुट्टी.

"आम्ही पाचही घरं मशीन घेणार होतो," काकू म्हणाल्या. "त्यांनी घेऊ दिलं नाही. म्हणाले, माझ्या लेकीने पाठवलंय, सगळ्यांना पुरेल."

मुलीने भिंतीला हात टेकला. मी वर्षाला शंभरेक मशिनं तोडतो. कधीच न आलेली पाच मशिनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा बघितली. इतका मोठा माणूस माझ्याच गल्लीपलीकडे राहत होता आणि मला ते तो गेल्यावर कळलं, याचं वाईट वाटलं.

कागदावर म्हाताऱ्याचा वार बुधवार होता. आज बुधवारच. पाचही घरांत धुणं पडलेलं असणार, पण मशीन कोरडं होतं.

"दोन बुधवार झाले," काकू म्हणाल्या, "त्यांच्या वारी कुणी लावलं नाही."

मुलगी वर गेली. ती शिवलेली चादर आणि दोन शर्ट घेऊन आली.

"बाबा कसं लावायचे?"

"थंड पाणी. सगळ्यात कमी वेळ," काकूंनी सांगितलं.

तिने तसंच लावलं. मी टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि पायरीवर बसून राहिलो. आत पाणी भरायला लागलं.