सगळ्यांनी सुचवलेलं पुस्तक

मित्रांनो, हाती घेतलेलं काम तडीस कसं न्यावं हे सांगणारं मी एक जुनं पुस्तक आहे. मी छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या पानांना शाईचा ताजा वास होता. एका कार्यालयातल्या प्रकल्पप्रमुख बाईंनी मला विकत घेतलं. सगळे त्यांना ताई म्हणत.

ताई माझ्याशी भांडत भांडत वाचायच्या. समासात लिहायच्या, ‘हे पटलं नाही.’ मला त्याचा फार आनंद व्हायचा.

तेव्हा त्यांचा चमू म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणारी पेटी बनवत होता. माझ्या एका प्रकरणात लिहिलं आहे की, वस्तू ज्याच्यासाठी बनवता, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा. ते वाचून ताई पेटी घेऊन आपल्या काकूंकडे गेल्या. मीही पिशवीत होतो. दुपारी पेटी कर्कश वाजली. काकूंनी ती उचलली आणि उशीखाली दाबून टाकली.

“अगं, ही माझ्यावर खेकसते! मी काय मुद्दाम विसरते का?” काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी काम थांबवलं. चमूतला एक तरुण अभियंता सदा घोड्यावर बसलेला असे, म्हणून त्याला घाईबुवा म्हणत. तो कळवळून म्हणाला, “ताई, तारीख तोंडावर आलीय!”

“तारीख पुढे ढकलता येईल. काकूंना कसं ढकलणार?”

मोठे साहेब संतापले. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, पण त्या हटल्या नाहीत. नव्या पेटीत कर्कश घंटेऐवजी घरातल्याच माणसाचा आवाज भरता येऊ लागला. पेटी उशिरा आली, पण घरोघरी टिकली. मग साहेबच सगळ्यांना सांगू लागले, “ताईंचं ते पुस्तक वाचा बरं!”

पुढे ताईंना दुसरीकडे मोठं काम मिळालं. जाताना मला मांडणीवर ठेवत त्या म्हणाल्या, “राहू दे इथेच. पुढच्याला उपयोगी पडेल.”

इथून माझे एकटेपणाचे दिवस सुरू झाले. माझं कौतुक मात्र थांबलं नाही. नवे प्रमुख प्रत्येक नवख्याला माझं नाव सांगत. नवखे मान डोलावत आणि जागेवर जाऊन बसत. मला कोणी उघडलंच नाही. पुढे प्रोजेक्टर ठेंगणा पडतो म्हणून मला त्याच्याखाली सरकवलं. गरम यंत्राचं ओझं पाठीवर घेऊन मी कित्येक वर्षं बैठका ऐकत राहिलो.

आता ते वृद्धांसाठी दिव्याची काठी बनवत होते. तारखेवर चर्चा झाली, रंगावर झाली, जाहिरातीवर तर तासन्‌तास झाली. काठी कोणा आजोबांच्या हातात देऊन पाहिली का, हे कोणी विचारलं नाही. मला ओरडावंसं वाटे. पण पुस्तकाला तोंड असलं तरी ते दुसऱ्यालाच उघडावं लागतं.

काठी ठरल्या दिवशी बाजारात गेली आणि तशीच परत आली. तिचं बटण आखडलेल्या बोटांनी दाबलंच जात नव्हतं. खोल्या परत आलेल्या खोक्यांनी भरल्या. शेवटी विभाग बंद झाला.

शेवटच्या दिवशी आवराआवर करायला घाईबुवा आला. त्याचे केस पिकले होते. प्रोजेक्टर उचलताच त्याला मी दिसलो. तो जमिनीवरच बसला आणि ताईंचं अक्षर वाचत राहिला.

“मीही सगळ्यांना सांगायचो, हे वाचा म्हणून,” तो पुटपुटला. “स्वतः कधी उघडलं नाही.”

त्याची पिशवी भरलेली होती. त्याने मला खिडकीत ठेवलं, माझ्यावरची धूळ पुसली आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, पुस्तक सुचवायला काही लागत नाही. म्हणून एवढंच मागतो, कोणाला पुस्तक सुचवलंत तर थोड्या दिवसांनी त्याला जवळ बसवून विचारा, “काय रे, काय पटलं नाही तुला?”