काळ्या पुडीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना रामन वर्णपटमापक आहे. एवढे नाव तोंडात मावत नाही, म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला 'बुवा' म्हणतात.

मी वस्तूवर हिरव्या प्रकाशाचा बारीक किरण टाकतो. परतणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडा अंश रंग किंचित बदलून येतो. तो बदल मोजून मी पडद्यावर रेघ काढतो. कोळशाच्या रेघेत दोन उंचवटे दिसतात. आतले अणू किती विस्कटलेले आहेत, ते त्यांवरून कळते. कोळसा नीट भाजला असेल तर उंचवटे अरुंद येतात, कच्चा राहिला तर पसरट.

एकदा पाणी गाळण्याचा कोळसा बनवणारे मालक आमच्याकडे आले. सोबत त्यांचे भट्टीवाले काका होते. सहा महिने अधूनमधून माल बिघडत होता. काका आच कमी ठेवून डुलक्या काढतात, असा मालकांचा ठाम समज झाला होता. काकांची नोकरी जाण्याच्या बेतात होती.

"वीस वर्षं भट्टी सांभाळतोय. आच मी कधी कमी केली नाही," काका एवढेच म्हणाले.

मला चालवणाऱ्या ताईंनी दोघांचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "काका, भट्टीच्या प्रत्येक कोपऱ्यातली चिमूटभर कोळशाची पूड वेगळ्या पुडीत बांधून आणा. पुडीवर कोपरा लिहा."

चार पुड्या आल्या. चारही सारख्याच काळ्याकुट्ट. मी उत्साहाने लख्ख प्रकाश टाकला आणि तिथेच चुकलो. पूड जागच्या जागी तापली आणि रेघ भलतीकडे सरकली. ताईंनी प्रकाश मंद केला. "दमानं घे, बुवा," त्या पुटपुटल्या. मग एकेका पुडीवर वीस-वीस ठिकाणी आम्ही पाहिले. दोन दिवस गेले.

तीन पुड्यांचे उंचवटे अरुंद आले. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या पुडीचे मात्र वीसही वेळा पसरट. आच कमी ठेवली असती, तर चारही कोपरे कच्चे राहिले असते.

मालकांनी भट्टी थंड करून उघडली. त्या कोपऱ्यामागच्या विटा ढासळल्या होत्या आणि फटीतून गार हवा आत शिरत होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कामगारांसमोर काकांची माफी मागितली. हे ऐकून माझी छाती अभिमानाने फुगली. माणसाची अब्रू वाचवणारी रेघ मी काढली होती!

काका मुद्दाम मला बघायला आले. त्यांनी आधी हात धुतले, कोरडे केले आणि मगच माझ्या झाकणावर अलगद ठेवले.

आता शेजारी नवे, चपळ यंत्र आले आहे. मला आठवड्यातून एकदाच जाग येते आणि कधीकधी भिंगावर धूळ साचते. मित्रांनो, जुन्या यंत्राचे भिंग मऊ कापडाने पुसत जा. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी चारही कोपरे तपासा, अगदी मंद प्रकाशात, घाई न करता.