पडद्याच्या वर

मावशींच्या शिवणाच्या दुकानात कापड पाहायचं पुढे आणि माप द्यायचं मागे, कोपऱ्यातल्या जाड पडद्याआड. तिथे बाप्यांना मज्जाव. खुद्द मावशींच्या लेकाने तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि घोळ तिथेच झाला. फळीवरून कापडाचे तागे गायब झाले म्हणून त्याने मेहुण्याकडून कॅमेरा आणला आणि मावशी बाहेरगावी गेल्याची संधी साधून पडद्याच्या अलीकडे छताला ठोकून टाकला. पडदा आहे म्हणजे सगळं झाकलेलं आहे, एवढंच त्याच्या टाळक्यात. पडद्याला वरून झाकण नसतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मावशी परतल्या त्याच दिवशी शाळेतल्या बाई आल्या. ऑपरेशनमध्ये त्यांच्या छातीची एक बाजू गेली होती. शाळेत कुणाला पत्ता नव्हता आणि लागू द्यायचा नव्हता. मावशी त्यांच्या ब्लाउजला आतून कापसाची गादी अशी बेमालूम बसवत, की अख्खा वर्ग टक लावून बसला तरी फरक कळू नये.

बाई ब्लाउज काढून उभ्या होत्या. मावशींच्या तोंडात टाचण्या, हातात टेप. तेवढ्यात डोक्यावरून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, हॅलो! ऐकू येतंय का?"

बाई मटकन खाली बसल्या. मावशींनी टाचण्या थुंकल्या, हाताला लागलेलं कापड बाईंच्या अंगावर टाकलं आणि वर पाहिलं. छताला एक काचेचा डोळा लुकलुकत होता.

"कोण रे मेल्या तू?"

"मी, मावशी! तुमच्या सुनेचा भाऊ. आवाज तपासत होतो."

"समोर ये. चांगला खणखणीत तपासून देते."

मावशी पदर खोचून स्टुलावर चढल्या आणि कॅमेरा वायरसकट उपटला. लेक गल्ल्यावरून धावत आला आणि पडद्याबाहेरच अडखळला. "आई, अगं महागाचं आहे ते!"

"आणि ही बाई रस्त्यावर पडली आहे का?" कॅमेरा घेऊन मावशी बाहेर आल्या.

"फक्त माझ्याच मोबाईलवर दिसेल म्हणाला होता तो."

"मग आत्ता बोललं कोण? छप्पर?"

तोवर मेहुणा समोरच्या आपल्या दुकानातून धापा टाकत आला. "शपथ सांगतो, काही पाहिलं नाही. आणि साठतं ते सगळं आतल्या कार्डात, मोबाईलवर काही राहत नाही."

"जाऊ दे ना आई," लेक हळूच म्हणाला. "वरून फार तर डोकं दिसलं असेल."

"अस्सं? मग हा परत लावू. तू जा पडद्याआड. सदरा काढ, विजार काढ. हा आणि ह्याची बायको मोबाईलवर बघतील."

लेक कानापर्यंत लाल झाला. "काहीतरीच काय गं!"

"का? डोकंच दिसेल फार तर!"

मावशींनी मेहुण्याला कॅमेऱ्यातलं कार्ड काढायला लावलं आणि आपल्या हातात घेतलं. नखाएवढा तुकडा तो.

"द्या, मी पुसून आणतो," मेहुणा म्हणाला.

"तू पुष्कळ केलंस."

शाळेतल्या बाई कपडे करून बाहेर आल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट. मावशींनी कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुमचं आहे. काय करायचं ते तुम्ही करा."

बाईंनी टेबलावर इस्त्री तापत होती ती उचलली, कार्ड खाली ठेवून वर दाबली आणि दोन्ही हातांनी रेटून धरली. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. टेबलाच्या कापडाला भोक पडलं.

"पण परत चोरी झाली तर?" लेकाने तरीही आपलं घोडं पुढे दामटलं.

"होऊ दे. दुकान माझं, गेलं तर माझं जाईल. बायांची अंगं बघून मला तागे राखायचे नाहीत. पटत नसेल तर तू दुसरीकडे काम बघ."

मेहुणा मागच्या मागे सटकत होता. बाईंनी त्याला वर्गातल्या आवाजात थांबवलं.

"तुम्ही पाहिलंत की नाही, तुमचं तुम्हाला ठाऊक. पण उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तर मान तुम्ही खाली घालायची. मी घालणार नाही."

मग त्या मावशींकडे वळल्या.

"चला, माप अर्धंच राहिलंय."