वहीत नसलेल्या दोन ओळी

संस्थेच्या प्रमुख जयवंताबाईंनी चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि शेतकरी रामाजीच्या जमिनीचा कागद कॉम्प्युटरवरून सगळ्यांच्या देखत पुसून टाकला.

"घ्या. आता परत आणा," त्या म्हणाल्या. "वृषालीनं आणायचा. हर्षदीप, तुम्ही हात मागं बांधून उभे राहा."

हर्षदीपनं खरंच हात मागं बांधले. त्याची बॅग दाराशी भरून तयार होती. वांकिडीकडची बस साडेबाराची, आणि संध्याकाळी पाचच्या आत तिथल्या शाखेत हजर झालं की बदली पक्की. नाही झालं, तर ती जागा प्रवीणची. तो त्याच बदलीसाठी आदिलाबादेत टपूनच बसला होता. आत्ता अकरा वाजले होते.

उटनूरच्या या संस्थेत चाळीसेक गावांचे जमिनीचे कागद सांभाळून ठेवलेले. मूळ कागद कुणाचा वाळवीनं खाल्ला, कुणाचा चुलीच्या धुरानं काळा पडला. म्हणून सगळे स्कॅन करून एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. त्यावर लिनक्स चढवलं हर्षदीपनं, आणि बॅकअपची घडी बसवली तीही त्यानंच. रोज संध्याकाळी पाचला एक प्रत वायरीवरून समोरच्या वसतिगृहातल्या साठवणीच्या पेटीत जायची; त्या पेटीला तो शेअर म्हणायचा. दुसरी यूएसबी ड्राइव्हवर. असे ड्राइव्ह दोन होते. शिपाई मारोती शनिवारी एक घरी गुडीहत्नूरला न्यायचा आणि सोमवारी दुसरा घेऊन यायचा. इथं आग लागो की छप्पर कोसळो, लोकांचे कागद कुठंतरी शाबूत राहायचे.

घडी एवढी चोख बसली की तीच त्याच्या गळ्यात पडली. माय, सखूबाई, वांकिडीला एकटी. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याचा भरवसा नाही. सहा वर्षांत तीनदा त्याच्या बदलीचा हुकूम निघाला आणि तीनदा जयवंताबाईंनी तो अडवला. "सर्व्हर कोण पाहील?" एवढंच त्या विचारायच्या, आणि त्याला उत्तर नसायचं. उत्तर त्यानंच ठेवलं नव्हतं म्हणा. सुरुवातीला त्याला मोठं बरं वाटायचं, आपल्यावाचून या दफ्तराचं पान हलत नाही म्हणून. सर्व्हरच्या कामाच्या वहीत त्यानं सगळं लिहिलं, अगदी पंखा पुसण्यापर्यंत. फक्त दोन ओळी लिहिल्या नाहीत. सकाळी मशीन चालू झालं की आज्ञांच्या त्या दोन ओळी त्यात टाकायच्या. एकीनं शेअर जोडला जातो, दुसरीनं ड्राइव्ह. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि पुढं त्याच मुठीत त्याचीच बोटं अडकली.

या खेपेला जयवंताबाई नरमल्या. म्हणाल्या, वृषालीला शिकवा, माझ्यासमोर एक कागद पुसून परत आणून दाखवा, चार्जाच्या रजिस्टरवर दोघांच्या सह्या करा आणि जा.

दफ्तरातली कारकून वृषाली वहीतलं वाचून एकेक अक्षर टंकत होती. मारोती तिच्या खुर्चीमागं उभा. तिनं एंटर दाबलं आणि क्षणात रामाजीचा कागद पडद्यावर हजर झाला, अंगठ्याच्या ठशासकट.

"आला रे आला!" मारोतीनं टाळी वाजवली. "दादा, तुमी सुटले बा!"

जयवंताबाई हसल्या. "करा सह्या. मी हुकूम घेऊन येते." त्या आपल्या खोलीत गेल्या.

हर्षदीपला हसू आलं नाही. कागद फार लवकर आला होता. वसतिगृहातून वायरीवरून एवढा मोठा स्कॅन यायला निदान अर्धा मिनिट लागतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो खाली वाकला आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढून कुठं काय जोडलंय ते पाहिलं.

शेअर जोडलेला नव्हता. ड्राइव्हही नव्हता. ड्राइव्हचा निळा दिवा मात्र ऐटीत लुकलुकत होता. वीज पोचली की तो लागतोच, त्याला काय होतंय!

फोल्डर म्हणजे एक दार. शेअर जोडलेला असला की दारातून माल पलीकडच्या घरात जातो. जोडलेला नसला की तो उंबऱ्याच्या आतच, आपल्याच घरात साचतो. मशीन तक्रार करत नाही, रोज इमानानं 'झालं' म्हणून सांगतं. त्यानं तारखा पाहिल्या. चौदा महिने! चौदा महिने सर्व्हर आपली प्रत आपल्याच पोटात ठेवत होता. बाहेर काहीच गेलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी काय झालं, हे त्याला आठवावं लागलं नाही. तिसरा हुकूम अडला होता. रुसून त्यानं सकाळचं काम वृषालीच्या गळ्यात टाकलं, वही तिच्यापुढं आपटली. दोन ओळी काही दिवस येऊन स्वतः टाकल्या. मग एक दिवस नाही टाकल्या, आणि मग कधीच नाही.

 त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. डिस्क टक्, टक् करत होती. असा आवाज करणारी डिस्क आठवडा काढते, नाहीतर तासाभरात मान टाकते. चाळीस गावांचे चौदा महिन्यांतले कागद होते, आणि ते होते फक्त तिथं.

"काय झालं, दादा?" वृषालीनं विचारलं. रजिस्टर उघडून ती पेन घेऊन बसली होती. "करू ना सही?"

एक सही, मग दुसरी, की हुकूम हातात. डिस्क उद्या गेली काय, महिन्यानं गेली काय, रजिस्टर सांगेल की चार्ज वृषालीकडे होता. कुणी त्याचं नाव घेणार नव्हतं. सव्वाअकरा झाले होते. बसला अजून सव्वा तास होता, आणि बसस्टँड पाच मिनिटांवर.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

"थांब," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघत. मारोतीचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हंजे साल झालं मी रिकामं खोकं नेऊन राह्यलो?" तो म्हणाला. "अन् आमची द्वारकाबाई लेकरायले त्याच्याजवळ फिरकू देत नाई! ज्वारीच्या कोठीत ठेवते, फडक्यात गुंडाळून."

"पूर्ण रिकामं नाही. जुनं आहे त्यात. चौदा महिन्यांपूर्वीचं."

 वृषालीनं पेनाला टोपण लावलं.

"मी तुमाले इचारलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. म्हटलं, दादा, तुमी सकाळी अजून काईतरी टाकत होते ना? वहीत नाई ते. तुमी म्हणाले, ते माझं मी पाहून घेतो."

"हो."

"काऊन नाई सांगितलं?"

 हर्षदीप कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत राहिला.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"आत्ताच प्रत बाहेर काढायला घ्यायची. पण डिस्क आजारी आहे. मध्येच अडली तर काय आधी वाचवायचं, काय सोडायचं, ते ठरवायला कुणीतरी बसावं लागेल. संध्याकाळपर्यंत तरी."

"मले जमंल?"

"नाही." त्याला खोटं बोलता आलं असतं. "आज नाही जमणार."

मारोतीनं दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.  हर्षदीप उठला आणि जयवंताबाईंच्या खोलीत गेला.

हुकूम टेबलावर होता. शिक्का मारलेला, सही व्हायची होती. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. दोन ओळींचंही सांगितलं, आणि त्या का लिहिल्या नव्हत्या तेही.  जयवंताबाई ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही गेला असता तर मला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं, मॅडम."

"पाचच्या आत वांकिडीला कुणी हजर झालं नाही, तर जागा माझ्या हातात राहत नाही. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

त्यांनी हुकूम उलटा करून ठेवला आणि फोन उचलला. "प्रवीण? हो, मीच. आज पाचच्या आत वांकिडीला पोचा."

हर्षदीप परत आला आणि त्यानं खुर्ची वृषालीसाठी ओढली. त्या दोन ओळी त्यानं तोंडी सांगितल्या, तिनं टंकल्या. चुकली, पुन्हा टंकल्या. वसतिगृहातली पेटी जोडली गेली, ड्राइव्ह जोडला गेला. मग तिनं वही ओढून घेतली आणि पहिल्याच पानावर, वर, ठळक अक्षरांत त्या लिहिल्या. त्याला न विचारता.

प्रत निघाली. शंभरात दोन, शंभरात तीन. डिस्क टक् म्हणायची, आकडा थबकायचा, पुन्हा चालू व्हायचा. बाहेर साडेबाराच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा हर्षदीपनं मान वर केली नाही. आकडा बारावर होता, आणि तो हलत नव्हता. त्यानं एक फोल्डर सोडलं, पुढचं घेतलं. आकडा हलला.

अडीच वाजता त्यानं मायला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

"जय भीम, माय."

"जय भीम, बापू. कुठपावतो आला? गाडीत हाय ना?"

"नाई, माय. मी उटनूरलेच हाय. नाई जमलं."

पलीकडे कोंबडी ओरडत होती. माय तिला हाकलून परत आली.

"पुढच्या बारीले?"

दर वेळी तो हो म्हणायचा. "नाई," तो म्हणाला. "जागा गेली आता. दुसरा येऊन राह्यला तिथं. प्रवीण नावाचा."

"आपल्यातलाच हाय काय?"

"हो."

"लेकरंबाळं?"

"एकटाच हाय अजून."

"बरं." तिनं नाक ओढलं. हर्षदीपला वाटलं, ती रडतेय. पण तिचा आवाज कोरडाच होता, बाजारहाटाचं विचारावं तसा. "मंग त्याले राहाले खोली लागत असंल. तुयासाठी मी मागची खोली सारवून ठेवली होती, खाटेले नवी दोरी भरून घेतली. रिकामीच हाय ते. देऊ काय त्याले?"

पडद्यावर आकडा एकतीसवर आला होता. वृषाली वळून त्याच्याकडे पाहत होती, काही विचारायचं असल्यासारखी. त्यानं हातानंच तिला थांब म्हटलं.

"देऊ ना, बापू? तुया सल्ल्याबिगर कशी देऊ?"

"दे, माय," तो म्हणाला.