सत्कारानंतरचे दोन गोल

जहांगीरभाईंना यंदा नांदेडच्या स्पर्धेला संघात घ्यायचं नाही, हे मी औशाच्या आमच्या हॉकी क्लबच्या बैठकीत स्वच्छ सांगितलं. मी क्लबचा सचिव. वाईटपणा घ्यायचं काम माझ्याकडेच असतं. जहांगीरभाई आमचे सेंटर फॉरवर्ड. एके काळी अख्ख्या लातूर जिल्ह्यात त्यांच्यासारखा गोल मारणारा नव्हता. पण आता वय सेहेचाळीस, गुडघ्याला पट्टा, आणि आपण एसटीची बघतो तशी ते चेंडूची वाट बघत उभे राहतात.

"चाकूरचा बालाजी घ्या," मी म्हणालो. "काय पळतंय पोरगं!"

"पळतंय लई, पण गोल कुठं करतंय?" अध्यक्ष हणमंतराव म्हणाले. "जहांगीरच जाईल. अन् तू गप बस."

मी गप बसलो, म्हणजे नांदेड येईपर्यंत गाडीत धुसफुसत राहिलो.

पहिलाच सामना यजमान नांदेडशी. खेळ सुरू व्हायच्या आधी माइकवरून पुकारा झाला: ज्येष्ठ खेळाडू जहांगीरभाई यांचा सत्कार! माइक हातात आला की कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. "हॉकीचे भीष्माचार्य" म्हणून झालं. मग नांदेडची सगळी टीम रांगेनं येऊन भाईंच्या पाया पडली. मी कपाळाला हात लावला. माणूस खेळायला आणला होता, आणि यांनी त्याला परस्पर निवृत्त करून टाकलं.

शिट्टी वाजली. भाईंनी फेटा उतरवला, पट्टा आवळला आणि गोलसमोर जाऊन उभे राहिले. चेंडू आला. नांदेडचा दांडगा फुलबॅक ज्ञानोबा अंगावर धावून आला आणि भाईंजवळ येऊन थबकला. आत्ताच ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्याच पायांत स्टिक कशी घालायची?

"चाचा, जरा सरका की," तो चक्क विनवायला लागला.

भाई सरकले, ते चेंडू घेऊनच. सावकाश पुढं जाऊन त्यांनी गोल मारला. दुसराही तसाच. नांदेडचा कोच बाहेरून ओरडत होता, "अरे, अडवा त्याला!" मग जीभ चावून, "त्यांना!"

दोन-शून्यनं जिंकलो. हणमंतरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. पण खोटं कशाला बोलू, आनंद मलाही झाला होता. धावतच भाईंकडं गेलो.

"भाई, चुकलं माझं. पुढच्या साली पण तुम्हीच!"

भाई बाकावर गुडघा चोळत बसले होते. हसले नाहीत.

"मला कुणी हात बी लावला न्हाई, भागवत," ते म्हणाले. "पहिले खेळून आलो की पायावर वळ असायचे. घरवाली हळद लावता लावता शिव्या द्यायची. आज घरी जाऊन तिला काय दाखवू?"

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"बालाजीला घे," भाई म्हणाले. "त्याला मारतील तरी."